बिल्ला कशाबद्दल, हे बिल्ल्यावरच दिसू द्या

माननीय संपादक,

सविनय नमस्कार.

मुलांना अभ्यासाची गोडी लागावी म्हणून ‘डिजिटल बॅज’, म्हणजे पडद्यावर दिसणारे बिल्ले, देण्याची पद्धत आता खासगी शिकवण्यांपुरती राहिलेली नाही. ती अनुदानित शाळांच्या वर्गांतही आली आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्या शाळेने गेल्या जूनमध्ये एका कंपनीचे अभ्यासाचे ॲप घेतले आणि वर्षभर त्यातले बॅज मुलांच्या हाती येताना मी पाहिले. या पद्धतीला माझा विरोध नाही. मात्र ती ज्या रूपात शाळांना विकली जात आहे, त्याबद्दल चार गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

आमच्या आठवीतला एक मुलगा जुलैअखेरीसच ‘गणितवीर’ झाला. कुतूहल म्हणून एकदा मी त्याच्या मागे उभी राहिले, तेव्हा तो प्रश्न वाचतच नाही असे दिसले. चार पर्यायांवर वरून खाली क्रमाने बोट ठेवायचे आणि एखादा हिरवा झाला की पुढच्या प्रश्नावर जायचे, एवढीच त्याची रीत होती. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते आणि प्रयत्नांना मर्यादा नव्हती. बारा प्रश्न दोन मिनिटांत संपले आणि पडद्यावर फटाके उडाले. मी त्याला दोष देत नाही. बिल्ला नेमका कशाला मिळतो, हे त्याने अचूक ओळखले होते.

त्याच वर्गातील एक मुलगी शेकडेवारीची उदाहरणे तोंडी सोडवते. तिच्या घरी स्मार्टफोन एकच आहे. तो वडिलांकडे असतो आणि वडील उसाच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर फोन मध्यरात्रीनंतर घरी येऊ लागला. ‘सलग ३० दिवस’ या बॅजसाठी तिचे १९ दिवस भरले होते; विसाव्या दिवशी ॲपने ते शून्यावर आणले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मला विचारले, “बाई, माझा अभ्यास पुसला का?” ॲपच्या हिशेबात पुसलाच गेला होता. शिवाय दर शनिवारी कोणाचे किती बॅज झाले याची उतरती यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जात असे आणि तिचे नाव त्या यादीच्या तळाशी असे.

ही कल्पना मुळात अशी नव्हती. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेच्या साहाय्याने २०११ मध्ये ‘ओपन बॅजेस’ हा उपक्रम सुरू केला आणि २०१३ मध्ये त्याची पहिली मानक आवृत्ती जाहीर केली. शाळेबाहेर, ग्रंथालयात, कार्यशाळेत किंवा स्वतःच्या धडपडीतून माणूस जे शिकतो, त्याची कुठेच नोंद होत नाही; ती व्हावी, हा त्यामागचा विचार होता. या मानकानुसार बॅजच्या चित्राच्या फाइलमध्येच माहिती गुंफलेली असते. तो कोणत्या संस्थेने दिला, कोणाला व कधी दिला आणि त्यासाठी कोणत्या अटी होत्या, हे त्यात नोंदलेले असते. शक्य असेल तेथे प्रत्यक्ष कामाचा पुरावाही जोडता येतो. बॅज मिळवणारा तो कोठेही नेऊ शकतो, कारण तो एका संकेतस्थळाच्या मालकीचा नसतो. २०१७ पासून या मानकाची जबाबदारी आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे आहे. ‘वनएडटेक’ हे तिचे आताचे नाव. आमच्या ॲपमधल्या बॅजवर बोट ठेवले की तो मोठा होत असे, इतकेच. त्यामागे काहीच नव्हते. मार्चमध्ये वर्गणीची मुदत संपली, तसे सगळे बॅजही दिसेनासे झाले.

टप्प्याटप्प्याने कौशल्याची पावती देणे आपल्याला काही नवीन नाही. गाण्याच्या बैठकीत कोणी “माझी मध्यमा झाली आहे” असे म्हणाले, की जाणकाराला पुढचे विचारावे लागत नाही, कारण गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षांचा अभ्यासक्रम ठरलेला आहे आणि परीक्षकासमोर बसून गावे लागते. स्काउटमधल्या प्रावीण्य बॅजचेही तसेच. माझ्या धाकट्या भावाला स्वयंपाकाचा बॅज मिळाला, त्या दिवशी त्याने मैदानावर चूल मांडून केलेली खिचडी आमच्या सरांनी खाल्ली होती. थोडी करपली होती, असे सर पुढे कित्येक वर्षे सांगत. बिल्ल्याची किंमत त्याच्या रंगावर ठरत नाही, ती त्यामागे उभ्या असलेल्या परीक्षेवर ठरते.

बक्षिसाचे आमिष आधी दाखवले की गोडी कमी होऊ शकते, हे मानसशास्त्रज्ञांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली होती. एका गटाला चित्र काढल्यास सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल, असे आधी सांगितले. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनंतर मोकळ्या वेळेत पहिल्या गटातील मुलांनी चित्रे काढण्यात घालवलेला वेळ इतरांच्या जवळपास निम्माच भरला. माझ्या दृष्टीने यातला दुसरा गट अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्या मुलांची आवड कमी झाली नाही. म्हणजे कौतुकाने बिघडत नाही. आधीच टांगून ठेवलेल्या बक्षिसाने बिघडू शकते. ॲप उघडताच कुलूप लावलेले चाळीस राखाडी बॅज मुलांपुढे मांडणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

केवळ कंपन्यांना बोल लावून मला मोकळे व्हायचे नाही. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिणे अपेक्षित होते. कल्पना उत्तम होती. पण काही काळातच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य आम्हीच शेकडो मुलांच्या नावापुढे उतरवले. ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ शेजारी चालू ठेवून पेपर तपासणाऱ्या आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेणाऱ्या शिक्षकांत मीही होते. तेव्हा ‘गणितवीरा’ला हसण्याचा अधिकार मला नाही.

दुसऱ्या सत्रात मी वेगळा प्रयत्न करून पाहिला. मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची विनामूल्य प्रणाली २०१३ पासून ओपन बॅजेस देऊ शकते. शाळेच्या संगणक शिक्षकांच्या मदतीने तिच्यावर मी तीनच बॅज तयार केले. त्यांपैकी ‘मोजणी’ या बॅजची अट अशी होती, की शाळेचे मैदान फितीने मोजावे, त्याचा प्रमाणबद्ध आराखडा काढावा, क्षेत्रफळ काढावे आणि कोठे चुकले ते स्वतः लिहावे. एका मुलाने चारही बाजू मोजल्या, कोपरे काटकोनी आहेत असे गृहीत धरले आणि आराखडा काढू लागला. चौथी बाजू काही केल्या पहिल्या बिंदूला येऊन मिळेना. त्याने पुन्हा मोजले, तरी तेच. चार बाजूंवरून चौकोन निश्चित होत नाही, हे मी फळ्यावर कितीदा सांगितले असेल, पण ते त्याला त्या दिवशी मैदानात उमगले. तिसऱ्या वेळी त्याने कर्ण मोजला, मैदानाचे दोन त्रिकोण केले आणि आकृती जुळली. त्याच्या बॅजवर आज क्लिक केले तर तिन्ही आराखडे दिसतात, पहिले दोन चुकलेले धरून. त्याच्या वडिलांनी ते पाहिले आणि त्यांच्या बांधाची मोजणीही अशीच करता येईल का, असे विचारले.

‘मोजणी’ वर्गातील ४१ मुलांपैकी १७ जणांनाच मिळाला. प्रत्येकाचे काम तपासायला मला पंधरा-वीस मिनिटे लागली आणि ही वेळ वेळापत्रकात कोठेही बसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. शेकडेवारी तोंडी सोडवणाऱ्या त्या मुलीला तो मिळाला. तिने आराखडा वहीत काढला आणि छायाचित्र शाळेच्या संगणकावरून चढवले. घरच्या फोनची गरज पडली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची अपेक्षा आहे, ज्यात मुलाचे स्वतःचे आणि सहाध्यायींचे मूल्यमापनही यावे असे म्हटले आहे. पुरावा जोडलेला बॅज त्या प्रगतिपत्रकात सहज बसेल, हजेरीचा बॅज मात्र त्यात भरीचीच नोंद ठरेल. म्हणून शाळांनी असे ॲप घेताना बॅजच्या अटी मराठीत लिहून मागाव्यात, बॅजला मुलाचे काम जोडता येते का ते पाहावे आणि करार संपल्यावर ते बॅज मुलाला सोबत नेता येतील, असे कलम करारात घालून घ्यावे. सलग दिवसांचे बॅज आणि पालकांच्या गटावर जाणाऱ्या याद्या बंद ठेवण्याची सोय नसेल, तर ते ॲप नाकारावे. आमच्या शाळेचा पुढील वर्षाचा करार सध्या व्यवस्थापन समितीपुढे आहे आणि तीन बॅजच्या नमुन्यांसह या मागण्या मी समितीला लेखी दिल्या आहेत. आपल्या वाचकांपैकी जे पालक आहेत, त्यांनीही आपल्या पाल्याच्या फोनमधला एखादा बॅज उघडून त्यामागे काय लिहिले आहे ते पाहावे आणि तेथे काहीच नसेल, तर शाळेला तसे कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा