वाडा पाडण्याआधी भाडेकरूंची मोजणी करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या जुन्या पेठांमधल्या धोकादायक वाड्यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. पावसाळा तोंडावर आला की असे लेख येतात आणि भाडेकरू जागा अडवून बसल्याचे एक वाक्य त्यात ठरलेले असते. ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

माझी थोरली बहीण साखर पेठेतल्या एका वाड्यात लग्न होऊन आली. दाजी गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुढे दाजीही गेले, पण भाडे एकदाही थकले नाही. मालक पावती देईनासे झाले तेव्हा ताई मनीऑर्डर करू लागली. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन ती परत यायची आणि ताई तो कागद पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. जागा अडवून बसलेली माणसे असे वागतात का? 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडे द्यायची तयारी असलेल्या भाडेकरूला थकबाकीचे कारण दाखवून काढता येत नाही, हेही त्यातच आहे. त्या डब्याच्या जोरावर ताई टिकून राहिली.

मग एका पावसाळ्यात मागची भिंत खचली, माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, ओल आली आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली.

त्याआधी दुरुस्ती का झाली नाही, असे लोक विचारतात. मालकाला नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा, असे कायदा सांगतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापलीकडे ही वळती जात नाही. ताईचे भाडे महिना 150 रुपये, म्हणजे वर्षाला 450 रुपयांची सोय. तेवढ्यात एक गवंडी दिवसभर येत नाही. मालकाची बाजूही मी नाकारत नाही. वर्षाला 4 टक्के वाढ मिळून 150 रुपयांच्या भाड्यात माळवद नव्याने घालता येत नाही, हे मलाही कळते. मुंबईत 1969 पासून जुन्या इमारतींसाठी उपकर आणि दुरुस्ती मंडळ आहे. भाडे नियंत्रण कायदा मुंबईला लागू आहे तसाच सोलापूरलाही, पण इमारत उभी राहावी म्हणून लागणारा पैसा फक्त तिथे. आमच्या घरपट्टीत वृक्षकर आहे, शिक्षणकर आहे. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीसाठी एक पैसा वेगळा निघत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी लेखात एका ओळीतही नाही. मालकाला नवी इमारत बांधायची म्हणून भाडेकरू काढायचा असेल, तर याच भाडे कायद्याच्या कलम 16 प्रमाणे त्याला न्यायालयात मंजूर नकाशा दाखवावा लागतो, पैसा असल्याचे दाखवावे लागते आणि भाडेकरूला जवळजवळ तेवढीच जागा परत देण्याची हमी लिहून द्यावी लागते. वाडा धोकादायक ठरला की यातले काहीच लागत नाही. नोटीस, घर रिकामे, पाडकाम, की मैदान मोकळे. म्हणून काही मालक भिंत पडायचीच वाट बघतात.

ताईच्या बाबतीत हेच झाले. जागा होती दोन खोल्या, सात खण (दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण). पाडल्यावर मालक म्हणू लागले की एकच खोली होती, दुसरी पडवी होती. जुन्या पावत्यांवर नुसते ‘जागेचे भाडे’ लिहिलेले. भिंतीच उरल्या नाहीत तर मोजायचे काय? आम्ही एका कार्यालयात विचारायला गेलो तेव्हा खुर्चीवरचे साहेब वर न बघता म्हणाले, हा तुमचा आणि मालकाचा वाद आहे. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले आहे. पण तो हक्क किती खणांचा, हे सांगणारा कागद ताईकडे नाही. ती आज मुलीकडे राहते आणि तिथे आपण अडचण आहोत असे समजून वागते. मला ते बघवत नाही.

वाडा रिकामा व्हावा म्हणून मालकांनी आधी नळ तोडला होता, हे सांगायचे राहिले. पाणी तोडणे भाडे नियंत्रण कायद्यानेच गुन्हा आहे. ज्या शहरात चार-चार दिवसांनी पाणी येते तिथे नळ तोडणे म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. उजनी धरणातून येणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या बातम्या आपल्याच अंकात वर्षानुवर्षे वाचल्या. आमच्या गल्लीत पाणी रोज कधी येणार, तेही एकदा छापा.

वाडा पडायला आला असेल तर माणसे बाहेर काढलीच पाहिजेत, जीव आधी. पण महापालिकेला माझे एवढेच सांगणे आहे: त्याच दिवशी टेप लावून प्रत्येक भाडेकरूची जागा मोजा, नाव आणि क्षेत्रफळ लिहून सही-शिक्क्याचा दाखला त्याच्या हातात द्या आणि त्या यादीशिवाय नव्या बांधकामाला परवानगी देऊ नका. याला मोठा निधी लागत नाही. पुढचा लेख लिहिण्याआधी आपल्या बातमीदाराला पाडलेल्या एखाद्या वाड्याच्या जागी पाठवा आणि तिथले जुने भाडेकरू आता कुठे राहतात, ते विचारून या.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर