चप्पल घालायला सात मिनिटं

प्रिय मावशी,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, त्याबद्दल आधीच माफी मागते. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, आधी दूध बघ, उतू जाईल" म्हणत मला स्वयंपाकघरात पिटाळलं असतं. आता पुण्याला लेकीकडे बसून, मोबाईलवरची अक्षरं मोठी करून निवांत वाचा.

तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या जेल रोडला तुमच्या पाळणाघराची पायरी चढले, ती काही सेवाभावाने नाही. सातपूरची नोकरी गेली होती आणि दुसरी मिळेपर्यंत दोन महिने काढायचे होते. मुलं मला आवडायची, पण दुसऱ्यांची, आणि तीही झोपलेली. धर्माचं म्हणाल तर शरणपूरच्या ख्रिस्ती घरात जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, सगळं वेळच्या वेळी. त्यानंतर नाताळ आणि ईस्टरला इस्त्रीची साडी, एवढंच. प्रभूची प्रार्थना इतकी पाठ होती की ती म्हणताना डोक्यात बसचं वेळापत्रक चालायचं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला दारात बसवलंत. मुलं बागेत निघाली होती. अडीच वर्षांचा एक पठ्ठ्या उजवी चप्पल डाव्या पायात घालत होता. अंगठा पट्ट्याबाहेर यायचा, की चप्पल काढायची, उलटी करून तळ बघायचा (तळाला काय होतं देव जाणे), आणि पुन्हा त्याच पायात. मी वाकून घालायला गेले तर तुम्ही माझा हात धरलात. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं गेली. शेवटी चप्पल चुकीच्याच पायात बसली आणि तो उड्या मारत निघाला.

"उलटी आहे हो," मी म्हणाले.

"असू दे. घातली त्याने."

खरं सांगते, मला वाटलं ही बाई कामचुकार आहे.

मग चौदा मुलांचा दिवस काय असतो ते कळलं. प्रेसमधल्या आया सकाळी घाईघाईत पोरं सोडून जायच्या. आई-बाप दिवसभर नोटा छापणार, आणि पोराच्या खिशात बाटलीचं झाकण आणि एक सुकलेला वाटाणा. खिमट, दुपटी, गळकी नाकं. एकाला झोपवावं तर दुसरा उठायचा.

आणि मग तो पावसाळ्यातला दिवस. तुम्ही तो कधी कुणाला सांगितला नाहीत, म्हणून मीच सांगते. आठवडाभर कपडे वाळत नव्हते. तीन वर्षांच्या एका मुलाने वरण-भाताची ताटली दुसऱ्यांदा उलटी केली. मी ओरडले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला हिसडा दिला. तो रडला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला आणि चड्डीतून पाणी गळून त्याच्या पायाशी थारोळं वाढत गेलं.

तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. आधी त्याला कोरडं केलंत, मग फडकं माझ्या हातात दिलंत. पुसून झाल्यावर म्हणालात, "आता त्याच्या उंचीला बस आणि सांग, चूक माझी होती."

"त्याला काय कळतंय मावशी?"

"मग सोपंच आहे की. सांग."

नाही हो, सोपं नव्हतं. संध्याकाळी त्याच्या आईलाही मीच सांगायचं, हेही तुम्हीच ठरवलंत आणि माझ्या शेजारी उभ्या राहिलात. ती काही न बोलता मुलाला घेऊन गेली. आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी आला आणि झाकण उघडायला पाण्याची बाटली माझ्याच हातात दिली. त्याने माफ केलं की तो विसरला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या आठ दिवसांत मी पहिल्यांदा न घोकता प्रार्थना केली. 'मला सबुरी दे, कायमची दे.' (सबुरी हा शब्द मला शिर्डीच्या गाड्यांच्या काचांवरूनच ठाऊक.) तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, असं म्हणतो ना आपण? मग सबुरी तेवढी वर्षाची कशाला मागतेस? गहू आहेत का भरून ठेवायला?" तेव्हापासून मी सकाळी कुलूप उघडताना त्या दिवसापुरतीच मागते. कधी कधी ती दुपारी दोनलाच संपते. मग मोरीत जाऊन तोंड धुते आणि पुन्हा मागते.

आमच्या शरणपूरची गोष्ट मी तुम्हाला किती तोऱ्यात सांगितली होती, आठवतं? एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनऱ्यांनी नाशिकला आणून शिकवली. त्यांतला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनच्या मृतदेहाबरोबर थेट इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला होता. तुम्ही मेथी निवडत होतात. "आणि इथे आला तेव्हा, रात्री दचकून उठला तर त्याला कोण थोपटायचं?" एवढंच विचारलंत. तेव्हापासून ती गोष्ट मी तशी सांगत नाही.

पण माझ्यात खरं काही हललं ते बाळ येशूच्या यात्रेत. तुम्ही कॅथलिक, आमच्या चर्चमध्ये मूर्ती नसतात, त्यामुळे नाशिकरोडच्या त्या मंदिरात मी नुसती सोबत म्हणून आले होते. फेब्रुवारीतली गर्दी, मुंबई-वसईहून आलेल्या बसगाड्या, मेणबत्त्यांचा वास. माझ्या कडेवर तुमची नात. डोक्यावर मुकुट, अंगात झगा, हातात पृथ्वीचा गोल, असा तो बाळराजा तिने बराच वेळ न्याहाळला.

"याला भात कोण भरवतं?"

"त्याची आई."

"सांडतो?"

"सांडत असेल."

"मग आई ओरडते?"

माझी वाचाच बसली. मागून तुम्ही म्हणालात, "ओरडली असेल एखादे वेळी. बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहिला, तीन दिवस सापडेना. सापडल्यावर विचारलंच की तिने, बाळा, तू आमच्याशी असा का वागलास?"

मला गव्हाणी माहीत होती आणि क्रूस माहीत होता. मधली तीस वर्षं मी कधी मनातच आणली नव्हती. ज्याच्या शब्दाने जग झालं असं आपण म्हणतो, त्याला स्वतःचा पहिला शब्द बोलायला वर्ष-दीड वर्ष लागलं असेल. तोवर कुणीतरी समोर बसून वाट पाहिली असेल, नाक पुसलं असेल, रांगताना उंबऱ्याशी आडवा हात धरला असेल. देवाने घाई केली नाही. त्यालाही कुणाच्या तरी हातून जेवावं लागलं. बसमध्ये घरी जाताना तुमची सात मिनिटं आठवली आणि शरणपूर रोडचा माझा स्टॉप मागे गेला.

एका बाबतीत मात्र तुमचं चुकलंच. उशिरा येणाऱ्या पालकांकडून तुम्ही कधी जादा पैसे घेतले नाहीत आणि महिनाअखेरीला दूधवाल्याला तोंड चुकवत राहिलात. मी घेते. साडेसहानंतर पन्नास रुपये, दारावर पाटीच लावलीय. रागावू नका. जिची शिफ्टच लांबते तिला सोडते, तेवढं तुमच्याकडून घेतलंय.

तुम्ही किल्ल्या दिल्यात तेव्हा मी पगाराचा हिशेब विचारत बसले, आभार राहूनच गेले. ते आता मानते. माझा हात धरलात त्याबद्दल. फडकं दिलंत त्याबद्दल. त्या संध्याकाळी शेजारी उभ्या राहिलात त्याबद्दल.

आता अकरा मुलं आहेत. दोन नवीन, त्यातली एक दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. मी तिच्याजवळ बसते, अजून बोलत नाही. तुमचं खिमट जमायला लागलंय, फक्त हिंग जास्त पडतो.

फेब्रुवारीत यात्रेला या. तुमची मोठी किसणी माझ्याकडेच आहे. गाजर तिच्यावरच बारीक निघतं, म्हणून मुद्दाम पाठवलेली नाही.

तुमची,
दारात बसवलेली