जीन धड, स्विच बिघडलेला: त्याचीही बातमी होऊ द्या

मा. संपादक,
नमस्कार. तुमच्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून 'कॅन्सरचं जीन सापडलं' असं हेडिंग असतं, ते वाचून कुणालाही वाटणार की बिघाड कायम जीनमध्येच असतो. तसं नाहीये हो. आपल्या जीनोममध्ये (म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएत) जवळपास 300 कोटी अक्षरं, त्यात प्रोटीनची माहिती असलेला भाग जेमतेम 1-2 टक्के, आणि कुठलं जीन कुठल्या पेशीत कधी, किती चालवायचं हे ठरवणारे बरेचसे स्विच उरलेल्या भागात.

टर्ट जीनचंच बघा. टेलोमरेज (क्रोमोसोमची टोकं झिजू न देणारं एन्झाइम) बनवायला लागणारं हे जीन शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये बंद असतं. 2013 मध्ये मेलानोमाच्या (हा त्वचेचा कॅन्सर) बऱ्याच ट्यूमरमध्ये दिसलं की जीन अगदी धड आहे, पण त्याच्या सुरुवातीच्या आधी असलेल्या प्रमोटरमध्ये (जीन चालू करणाऱ्या स्विचमध्ये) ठराविक जागी सी हे अक्षर जाऊन टी आलाय. बास, तेवढ्याने ईटीएस गटातल्या प्रोटीनना बसायला नवी जागा मिळते, जीन चालू होतं, क्रोमोसोमची टोकं झिजायची थांबतात आणि पेशी विभागतच राहते. तोवर खर्च वाचावा म्हणून बरेच प्रोजेक्ट फक्त ते 1-2 टक्केच वाचत होते, मग दिसणार कसं?

असे बदल शोधणं हे काम कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं. एकाच पेशंटच्या ट्यूमरचा आणि रक्ताचा डीएनए जुळवून जन्मजात फरक वजा करायचे, तरी हजारो बदल उरतात, मग अनेक पेशंटमध्ये एकाच जागी पुन्हा पुन्हा आलेले हुडकायचे. आणि खरी गोची इथेच आहे. ऊन लागलेल्या त्वचेत प्रमोटरवर जिथे प्रोटीन चिकटून बसलेलं असतं तिथे डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही, त्यामुळे बदल साचतात, वारंवार दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच बदलांचा कॅन्सर होण्याशी काडीचा संबंध नसतो! हे हिशोबात न धरणारा प्रोग्रॅम भलतंच काहीतरी पकडून देतो. 2020 मध्ये 2,658 ट्यूमरचे पूर्ण जीनोम एकत्र तपासून झाले, त्यातही जीनबाहेरचे कॅन्सर घडवणारे बदल तसे थोडेच निघाले, टर्ट मात्र ठळक.

म्हणून विनंती एवढीच की पुढची बातमी छापताना बदल जीनमध्ये आहे की स्विचमध्ये ते लिहा, आणि तो नुसता कॉम्प्युटरने दाखवलाय की लॅबमध्ये पेशीतलं तेच एक अक्षर बदलून जीनचं काम खरंच वाढलं का ते बघितलंय, हेही लिहा. रिसर्च पेपरात हे बहुतेक वेळा असतंच, बातमी होताना गळतं.

आपला,
एक नियमित वाचक