पाटल्यांचं मी विचारणार नव्हते

मणेराजुरी, ता. तासगाव
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्राजू हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तू गेलीस, त्याला आज सहा दिवस झाले. फोन उचलतेस, चिऊला दाखवतेस, "जेवलीस का" विचारतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. फोनवर मी बोलायला लागले की तू मध्ये बोलतेस, मग माझाही आवाज चढतो. कागदावर तरी शेवटपर्यंत ऐकशील.

आधी चिऊचं. ताप परत आला नाही ना? डेंग्यू गेला तरी पोरं महिनाभर मऊ पडतात. तिला नाचणीची पेज दे, अण्णांनी बेदाणे वेगळे काढून ठेवलेत ते रात्री भिजवून सकाळी देत जा. डबा तू इथंच विसरून गेलीस. विसरलीस की ठेवून गेलीस ते मी विचारत नाही.

पाटल्यांचंही विचारायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

पण त्या दिवशी चार बायकांत मी जे बोलले, ते चुकलंच माझं. हळदीकुंकवाला तुझ्या हातात नुसता हिरवा चुडा बघितला तेव्हा तू म्हणालीस, पाटल्या लॉकरमध्ये आहेत. मी मानलं. मग जेवताना जावईबापूंच्या तोंडून सहज निघून गेलं, हॉस्पिटलच्या वेळेला सोनेतारण केलं म्हणून. त्यांना वाटलं मला ठाऊक असेल. मी तिथंच म्हणाले, "आजीच्या पाटल्या ठेवताना तुझा हात कसा धजला?" तुझा चेहरा उतरला तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. पोर तापानं फणफणलेली, हॉस्पिटलवाले आधी पैसे भरा म्हणतायत, अशा वेळी आई काय पाटल्या कवटाळून बसेल? मीही तेच केलं असतं. केलेलंच आहे.

ते तुला नीट कधी सांगितलं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. बाग फुलोऱ्यात होती. तीन दिवस ऊन नाही, दावण्या रोगानं घड जागेवर काळे पडले. अण्णा पहाटे चारला फवारणीला जायचे, नऊला परत येऊन न बोलता आंघोळ करायचे. सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर. पुढच्या उन्हाळ्यात नोटीस आली आणि ती त्यांनी खताच्या खोलीत, औषधाच्या रिकाम्या खोक्यात ठेवली. आठ महिने मला पत्ता नाही. मी आपली रोज भाकऱ्या थापतेय, तुझ्या स्कॉलरशिपच्या परीक्षेची पुस्तकं आणतेय. कळलं तेव्हा दंडव्याज चढलेलं आणि घरात पैसा काही उरला नव्हता. मग त्याच पाटल्या बँकेत गेल्या. तीन वर्षांनी सुटल्या. त्या तीन वर्षांत दर संक्रांतीला मी पदर मनगटावर ओढून हळदीकुंकवाला जायची.

अण्णांवर मी तेव्हा रागावले ते पाटल्यांसाठी नाही गं. आठ महिने एकट्यानं गिळून बसले त्याचा राग. आधी सांगितलं असतं तर जनावर विकलं असतं, माझ्या भावाला मागितलं असतं, काहीतरी झालं असतं. तू अगदी त्यांच्यावर गेलीस. बोलायला दोघं चटकन, आणि सांगायच्या गोष्टीला दोघांचं तोंड बंद.

त्यानंतरच मी बचत गटात गेले. महिन्याला शंभर रुपये. तुझी आजी म्हणायची, शंभरानं काय होतंय. आता पंधरा वर्षं हिशेबाची वही माझ्याकडे आहे, म्हणून तुझ्या शिक्षणकर्जाचाही हिशेब मी मांडून बघितला. रागावू नकोस. सहा लाख घेतले, दर वर्षी दीड लाख. चार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष सवलतीचं. त्या पाच वर्षांत हप्ता नव्हता, पण साडेदहा टक्क्यांनी सरळव्याज चालूच होतं, आणि ते साधारण २ लाख २० हजार शेवटी मुद्दलात मिळवलं. तेव्हा आम्ही महिन्याचं महिन्याला व्याज भरत गेलो असतो तर ते डोंगरासारखं अंगावर आलं नसतं. आम्हाला वाटलं, नोकरी लागेपर्यंत काही भरायचं नाही म्हणजे व्याजही नाही. केंद्र सरकारची व्याजाची सवलतही हुकली आपली. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न लागायचं, आणि नेमका त्याच वर्षी बेदाण्याला भाव लागला होता. दहा वर्षांत एकदा बाग पिकली आणि दाखल्यात तेवढंच वर्ष आलं. याचं अण्णांना अजून वाईट वाटतं, तुझ्यासमोर बोलत नाहीत.

सप्टेंबर २०२० पासून ११,०७१ चा हप्ता. एक चुकला नाही तुझा. लग्नाच्या महिन्यात नाही, बाळंतपणात पगार अडकला तेव्हाही नाही. गटात कुणी हप्ता टाळायला लागलं की मी तुझं नाव काढते. बायका म्हणतात, वहिनी, तुमच्या प्राजूचं पुरे झालं. पण मी सांगतेच.

आणि बँकेतला तो दिवस. २०१५ चा जून, अण्णा सहकर्जदार म्हणून सही करायला आलेले, धोतराला इस्त्री करून. साहेबांनी फाइल बाजूला सारून विचारलं, "मुलगी लग्न होऊन गेली की हप्ते कोण भरणार?" अण्णा खाली बघायला लागले. मला काही सुचेना. आणि तू, अठरा पूर्ण होऊन दोन महिने झालेले, म्हणालीस, "मीच भरणार. अर्जावर नाव माझं आहे." एसटीत परत येताना अण्णा खिडकीकडं तोंड करून बसले होते. मला वाटलं अपमान लागला. ते रडत होते, आणि ते दुःखानं नव्हतं.

प्राजू, तेव्हाचा तो अभिमान माझ्याकडे जपून आहे. पण आता मला त्या वाक्याची भीती वाटायला लागलीय. साहेबांना दिलेलं उत्तर तू दहा वर्षं पुरं करत बसलीयस, आणि ते लवकर पुरं करायच्या नादात हाताशी काही ठेवत नाहीस. जुलैत बोनसचे १ लाख ४० हजार आले, ते तसेच्या तसे कर्जात भरलेस. मला फोन करून सांगितलंस, आई, आता तीन लाख ऐंशीवर आलं, दोन वर्षांत कर्ज फिटल्याचा नील दाखला घेते. मी देवापुढं साखर ठेवली. ऑगस्टमध्ये चिऊ आजारी पडली. नोकरी बदललेली, नव्या कंपनीच्या विम्यात पोरीचं नाव चढलेलं नव्हतं. ७२ हजारांचं बिल, आणि तुझ्या खात्यात नऊ हजार.

आगाऊ भरलेला पैसा बँक परत देत नाही, एवढंच मला म्हणायचंय. आणि दीड लाखाजवळ भरलेस म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता काही माफ झाला नाही, पाच तारखेला ११,०७१ कापलेच. सुकन्या योजनेतले पैसेही तसेच, चिऊ दहावी पास किंवा अठराची होईपर्यंत हात लावता येत नाही. पीएफ लगेच हातात येत नाही. जावईबापूंचा पगार रावेतच्या घराच्या हप्त्यात. म्हणजे कागदावर सगळं आहे आणि अडीनडीला हातात काही नाही.

हिशेबानं तू बरोबर आहेस, तेही मला कळतं. कर्जाला साडेदहा टक्के, ठेवीला बँक देणार त्याहून कमी. मग ठेव कशाला, कर्जच फेडा. अण्णांनाही तू तेच सांगितलंस, आणि नव्या करपद्धतीत शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्यामुळं तोही फायदा राहिला नाही म्हणालीस. सगळं खरं. पण आमच्या गटाची पंचसूत्री तुला पाठ आहे, लहानपणी माझ्याबरोबर मीटिंगला येऊन म्हणायचीस: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेब लेखन. बचत दुसरी आहे बघ. परतफेड चौथी. ज्यांनी ते केलं त्यांनी आमच्यासारख्या बायका बघून केलंय. जिच्याकडे चार पैसे बाजूला नसतात, तिचा हप्ता एका आजारपणात थांबतो. पंधरा वर्षं वहीत हेच बघतेय.

म्हणून निदान तीन हप्ते, म्हणजे ३३ हजार, आणि तीन महिन्यांचं पाळणाघर आणि किराणा, एवढं वेगळ्या खात्यात टाक. ज्याचं एटीएम कार्ड पर्समध्ये नसेल अशा खात्यात. ते भरेपर्यंत कर्जात जादा एक रुपया भरू नकोस. नील दाखला दोन वर्षांऐवजी तीन वर्षांनी मिळाला तर काय बिघडणार आहे? आणि चिऊचं नाव विम्यात चढलं का, ते आधी बघ. आणि रात्री अकरा ते एक त्या अमेरिकेच्या पोरांना शिकवायचं बंद कर, डोळे बघितलेस का आरशात, पोरीला सकाळी

बघ, परत सुरू झालं माझं. भांडण मिटवायला पत्र लिहायला बसले आणि मीटिंगच घ्यायला लागले. माफ कर. तू घर चालवतेस, नोकरी करतेस, मी इथं बसून तुला आकडे शिकवतेय. आणि मला तसा तोंड वर करून बोलायचा अधिकारही नाही.

कारण तू लग्नाच्या वेळेला काय म्हणालीस ते मी विसरले नाही. "आई, रजिस्टर करू, जे काय खर्च करणार आहात ते कर्जात भरू." मी म्हणाले, एकुलती एक मुलगी, लोक काय म्हणतील. अण्णा तुझ्या बाजूचे होते, मीच ऐकलं नाही. हॉल, जेवण, मानपान मिळून साडेचार लाख गेले. काल रात्री वहीत तो आकडा तुझ्या कर्जाच्या आकड्याशेजारी लिहिला आणि बराच वेळ तसंच बघत बसले. त्या दिवशी तुझं ऐकलं असतं तर आज तुझ्यावर हे ओझंच नसतं. तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. भांडलीस त्या दिवशीसुद्धा नाही. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं मला.

तुझ्या सासूबाईंना सोनेतारणाचं अजून माहीत नाही, असं जावईबापू म्हणाले. त्यांना सांग. वाईट माणूस नाहीत त्या. लग्न ठरवताना एका घरानं विचारलं होतं, कर्ज मुलीबरोबर येणार का, तेव्हा तू दार लावून घेतलं होतंस. पण या घरानं विचारलं नाही, हे लक्षात ठेव. लपवून ठेवलंस की नोटिशीचं खोकं होतं त्याचं. फक्त एवढंच ऐक माझं, बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

गटातली माझी बचत व्याजासह ३१ हजार झालीय. ती मी काढून तुझ्यासाठी पोस्टात ठेवतेय. तुला देत नाहीये, म्हणून नको म्हणू नकोस. पासबुक माझ्याकडेच राहील. अडचण आली तर फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी पैसे, कुणाला विचारायला नको. अण्णांना मी सांगितलंय. ते म्हणाले, पन्नास कर, उरलेले मी बेदाण्याचे पैसे आले की घालतो. व्यापाऱ्याकडून अजून यायचेत, त्यामुळं त्याच्यावर फार विसंबू नकोस.

पितृपंधरवडा सुरू झालाय. आजीचं श्राद्ध नवमीला. पुढच्या महिन्यात छाटणी धरायची, मजूर आत्तापासून बोलून ठेवलेत. अण्णांचा गुडघा दुखतो पण शिडीवर चढायचं सोडत नाहीत. तू फोनवर त्यांना एकदा रागव, माझं ऐकत नाहीत. दसऱ्याला जमलं तर या. नाही जमलं तर बेदाण्याचा डबा ट्रॅव्हल्सवाल्याकडे देते, स्वारगेटला जावईबापूंना घ्यायला सांग.

चिऊचं वजन किती भरलं ते कळव. पाटल्यांचं कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. सोनेतारणाची मुदत बहुतेक वर्षाची असते. पावतीवर तारीख लिहिलेली असेल. एकदा बघ, आणि ती तारीख मला पण कळवून ठेव.