लांबीला (पुट्टीला) पाणी लावू देईनात, त्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका, सप्रेम नमस्कार.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटानं गोव्याला भाजी पोचवणाऱ्या आणि निपाणी-चिकोडीकडं खताची पोती ओढणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांचं हे पत्र. तुमचं नाव घातलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून घातलं नाही. नुसतं ‘आभारी आहोत’ लिहून भागणार नाही, म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडात तुम्ही गंजाबद्दल जे शिकवलंत तेच लिहून काढतोय. चुकलं असेल तर कान धरा.

गाडी आली की तुम्ही रंगाचा डबा उघडत नाही. स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीनं पत्रा ठोकत जाता. ठणठणीत वाजला तर पत्रा शाबूत, बद्द वाजला तर टोकानं दाबून बघायचं. टोक आत गेलं तर ते काम लांबीचं, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचं नाही. कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगनं बसवायचा, आणि वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. टोक आत गेलं नाही तर गंज वरवरचा आहे, घरच्या अंगणात निघेल. एवढं सांगून कितीजणांना तुम्ही घासायच्या पेपरची यादी हातात देऊन परत पाठवलंत! दुसऱ्या कुणी अख्खा फाळका बदलायला लावला असता.

कुठं बघायचं हेही तुम्हीच दाखवलंत. फाळक्याची खालची दुमड, चाकावरच्या कमानीची आतली कड, हौद्यातल्या रबरी मॅटखालचा पत्रा, आणि दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं. भोकांत माती आणि भाजीचा पाला अडकला की दारात पाणी साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत बरंच झालेलं असतं. आमच्यातले कानडी गडी गंजाला ‘तुक्कु’ म्हणतात, पण जागा त्यांच्याही गाडीला याच.

आता धुण्याचं. पोटॅशच्या पोत्यातली सांडलेली भुकटी आणि परतीच्या मासळीच्या खोक्यांतलं पाणी, दोन्हींत क्लोराइड, म्हणजे पत्र्याच्या दृष्टीनं मीठच. ते गंजाच्या खड्ड्यात बसलेलं असताना पेपर मारला तर मीठ आणखी आत रगडलं जातं आणि नव्या रंगाखाली गंज पुन्हा उठतो. म्हणून आधी साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं, मगच पेपर हातात घ्यायचा. सुरुवात ८० नंबरनं. फोडाच्या चौफेर दोन बोटं चांगला दिसणारा रंगही काढायचा, कारण गंज रंगाखालून सरकत गेलेला असतो. मग १८० आणि शेवटी रंगाच्या कडेला ३२०, बोट फिरवलं तर पायरी लागू नये इतकी कड उतरवायची.

चकचकीत पत्र्यातही सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरतात, तोच उरलेला गंज. त्याला गंज मारायचं औषध. त्याच्या दोन जाती आहेत आणि आमचा घोळ तिथंच व्हायचा. फॉस्फोरिक ॲसिडचं असेल तर ब्रशनं लावून साधारण १५ ते २० मिनिटं ओलं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायचं. ॲसिड उरलं तर इपॉक्सी प्रायमर पत्र्याला धरत नाही. टॅनिनचं असेल तर ते गंज काळा करून तिथंच राहतं, ते बहुधा धुवायचं नसतं. बाटलीवरचं वाचा, हे तुम्ही प्रत्येकाला दोनदा सांगता ते उगीच नाही.

प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सी, दोन्ही डबे लिहिलेल्या मापानं मिसळून. साधा रेड ऑक्साइड मारून ‘रंग नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना तुम्ही हसता, कारण तो थर पाणी पितो, आणि उघडा राहिला तर पहिल्या पावसातच खालून लाल होतो.

आता लांबी. लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढा हार्डनर (लांबी कडक करणारी पेस्ट), तोलून घ्यायचं तर १०० ग्रॅमला २ ग्रॅमच्या आसपास. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर महिन्याभरात वरच्या रंगावर पिवळट डाग फुटतो. पाचेक मिनिटांत ती आवळते, म्हणून हाताला उरकेल एवढीच कालवायची. आणि घासायची ती कोरडीच! आमच्या भागात सगळेच वॉटर पेपर घेऊन बसतात, कारण धूळ उडत नाही आणि हात सुळसुळीत फिरतो. पण लांबीत टाल्कची भुकटी असते, ती स्पंजासारखं पाणी शोषते. वर रंग चढला की पाणी आत कोंडतं, ऊन लागलं की फोड येतो, आणि दोष रंगाच्या कंपनीला जातो. लांबीवर सरफेसर (रंगाआधीचा सपाट करणारा थर) चढल्यावर मात्र वॉटर पेपर खुशाल वापरा, ही मुभा तुम्ही दिलीत.

हवेचंही असंच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही, म्हणून प्रायमर आणि रंग सकाळी दंव वाळल्यावर सुरू करायचा. थिनर उडताना पत्रा गार होतो. हवा दमट असेल तर त्यावर न दिसणारं पाणी धरतं आणि रंग पांढुरका पडतो. पत्रा दंवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी धरू लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी गरम हवा आणि दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर नको. कणकुंबीकडच्या पावसाळ्यात हे जमणं अशक्य, तेव्हा तिथं फक्त उघड्या जागेवर गंज रोखणारं वॅक्स लावून दसऱ्यापर्यंत थांबायचं.

गंजू नये म्हणून पत्र्याला जळकं ऑइल फासायचो, ते बंद करायला लावलंत, त्याबद्दल वेगळे आभार. त्यानं रबर फुगतं, आणि पुढं कधी रंग मारायचा झाला तर तो धरत नाही. पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाचा हार्डनर छातीला वाईट, तोंडाला टॉवेल बांधून भागत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो, हेही तुम्हीच बजावलंत. तुमचा स्वतःचा मास्क मात्र जुना झालाय, तेवढा आम्ही आणून देतो.

खंडेनवमीला गाड्या पुजायला काढू तेव्हा या, दाराची भोकं तारेनं मोकळी केलेली दिसतील. आणि दाराच्या आत वॅक्स मारायची ती लांब नळी कशी वाकवायची, ते दाखवायचं राहिलंय.

तुमचे,
चोर्ला वाटेवरचे पिकअपवाले