बसण्याचे तास आणि अभ्यासाचे तास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा तोंडावर आल्या की आपल्या पुरवणीत अभ्यासाचं रंगीत वेळापत्रक येतं. पहाटे ५ ते ७ गणित, ७ ते ८ उजळणी, ८ ते १० विज्ञान. चौकटीला चौकट लागून, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. यंदाचं कापून मुलीच्या टेबलासमोर चिकटवलं ते मीच, तेव्हा ही तक्रार निम्मी माझ्याविरुद्धच आहे.

चौथ्या दिवशी सगळं कोलमडलं. एक गणित अडलं, त्यात पाऊण तास गेला आणि पुढच्या चौकटी धडाधड मागे सरकल्या. दुपारी डोकावून पाहिलं, तर बाईसाहेब नवं वेळापत्रक आखत बसलेल्या, तेही चार रंगांची पेनं घेऊन. अभ्यास टाळायचं याहून सभ्य निमित्त मला माहीत नाही.

यात तिचा आळस नव्हता. एखाद्या कामाला किती वेळ लागेल, याचा आपला अंदाज नेहमी कमीच पडतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच यावर लिहून ठेवलंय. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या एका संशोधनात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. गंमत पुढेच आहे. सगळंच बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं आणि त्याचं उत्तर होतं ४९! म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशेबही तोकडाच पडला. मग दहावी-बारावीच्या पोरांनी मिनिटामिनिटाची चौकट पाळावी, ही अपेक्षा कुठल्या आधारावर?

वेळापत्रक काढून टाकल्यावर आम्ही एक साधा उद्योग केला. टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवला. वाचताना मन दुसरीकडे गेलं की त्यावर पेन्सिलने एक रेघ मारायची आणि परत पुस्तकात. फोन दुसऱ्या खोलीत. पहिल्या २५ मिनिटांत १४ रेघा. मला वाटलं, सगळ्या फोनच्याच असणार. तिला विचारलं, तर फोनच्या पाचच. बाकीच्या पेन्सिलला टोक करावंसं वाटलं, केस नीट बांधावेसे वाटले, पेपर अवघड आला तर काय, असल्या. फोनला शिव्या घालणं आपल्याला सोयीचं असतं. पण त्याच्या पाच वजा केल्या तरी नऊ रेघा उरतातच. आठवड्याभरात रेघा सहा-सातवर आल्या. मी काही फार मोठा दावा करत नाही, पण मन कधी निसटतं हे तिचं तिला कळायला लागलं. (मीही ऑफिसचा एक अहवाल वाचताना करून पाहिलं. अकरा! तो कागद तिला दाखवला नाही.)

हे २५ मिनिटांचं माप आमचं नव्हे. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर-घड्याळ लावून ही पद्धत बसवली, म्हणून तिचं नाव पोमोदोरो, म्हणजे टोमॅटो. पाठांतराला, टिपणं काढायला ती उत्तम. पण गणित नुकतं सुटायला लागलंय आणि घंटा वाजली म्हणून उठायचं, हा शुद्ध वेडेपणा. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा थोडा भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. दर तासा-दोन तासांनी विषय बदलायला लावणाऱ्या वेळापत्रकांनी हे ध्यानात घ्यावं. आणि ‘झाला का गं अभ्यास?’ म्हणत दार ढकलणाऱ्या माझ्यासारख्यांनीही.

आता या सगळ्यात मला सर्वांत खटकणारी गोष्ट. घरी येणारा प्रत्येक जण मुलांना विचारतो, ‘किती तास अभ्यास करतोस?’ मग मुलंही तासच मोजतात. तोच धडा पिवळ्या हायलायटरने रंगवत चौथ्यांदा वाचला की तीन तास सहज भरतात, आणि सगळं येतंय असंही वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे होते. परीक्षा काही वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी होत नाही. माझ्या मुलीला हे पटायला वेळ लागला, कारण कोऱ्या कागदावर काहीच आठवत नाही तेव्हा घाम फुटतो आणि पिवळा हायलायटर फार जवळचा वाटतो.

तर विनंती एवढीच. पुढच्या वर्षी वेळापत्रक छापाल तेव्हा रोजच्या रकान्यात एक तासाची चौकट कोरी सोडा, अडलेल्या गणितासाठी. आणि शक्य झालं तर तक्ता नुसता काळा-पांढराच छापा. रंग भरण्यात मुलांचा वेळ चांगला जातो, हे आम्ही पाहिलंय.

आपला,
एक पालक