परसबागेच्या मातीविषयी मित्रास पत्र

फोंडा, गोवा
दि. 6 मे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पर्वरीच्या नव्या घरामागची पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद जागा वहिनींनी भाजीसाठी राखून ठेवली, हे वाचून आनंद झाला; पण त्याच पत्रात तांबड्या मातीचे दोन ट्रक मागवण्याचा तुझा बेत वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. माती मागवू नकोस. ट्रकमधून येते ती बहुधा कुठल्यातरी डोंगराच्या पोटातली, जिने कधी पाला पाहिलेला नसतो. चार वर्षांपूर्वी मी स्वतः हा व्यवहार केला होता, आणि पहिल्याच पावसानंतर ती अशी घट्ट बसली की मुळ्याला खाली उतरायला वाट उरली नाही.

जांभ्यापासून झालेली आपली माती मुळात आम्ल असते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडणारा पाऊस तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) धुऊन नेतो; मागे उरलेली लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून बसतात, त्यामुळे तो मातीत असूनही झाडाच्या तोंडी लागत नाही. शिवाय या मातीची अन्नद्रव्ये राखून ठेवण्याची ताकदही बेताचीच, म्हणून ते काम कुजलेल्या पाल्याला आणि शेणाला करावे लागते. नुसती रासायनिक खताची पोती ओतलीस तर त्यातले बरेचसे आषाढात गटारातून मांडवीला मिळेल.

तरीही चुन्याची घाई करू नकोस, कारण तुझ्या जागेची एक वेगळी अडचण आहे. घर बांधताना गवंड्यांनी भिंतीलगत सिमेंटचा गिलावा आणि चिऱ्यांचे तुकडे गाडले असणार. सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे तिथली माती आम्ल राहिलेली नसण्याचा संभव आहे, आणि तिथे आणखी चुना पडला तर पाने पिवळी पडून लोहाची उणीव दिसू लागेल, तीही लोहाने लाल झालेल्या जमिनीत! म्हणून आधी रोडे वेचून काढ. मग भिंतीलगतचा आणि मधल्या जागेचा असे दोन वेगळे नमुने घे: पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडायची, सावलीत वाळवायची, एकत्र कालवायची आणि त्यातली अर्धा किलो कृषी खात्याकडे तपासणीला द्यायची. सामू (मातीचा आम्लपणा दाखवणारा आकडा, pH) साडेपाचच्या खाली आला तरच चुना घाल. चौरस मीटरला 200 ग्रॅम प्रारंभाला पुरे. डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडीची भुकटी) मिळाला तर अधिक बरा, कारण त्यातून मॅग्नेशियमही मिळते. चुना आणि शेणखत मात्र एकाच दिवशी मिसळू नकोस. मी मिसळले होते, तेव्हा नाक झोंबले. तो वास म्हणजे शेणातला नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत उडून जात होता. दोन-तीन आठवडे मध्ये जाऊ देत.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर मधल्या जागेत ताग दाट पेर. पावसाचा मारा तो स्वतःवर घेईल, मुळांनी नत्र बांधेल, आणि साधारण दीड महिन्याने, फुले येऊ लागताच, कापून तो मातीत गाडायचा. उशीर केलास तर त्याचे दांडे दोराच्या लायकीचे होतात आणि लवकर कुजत नाहीत. पावसाळा सरला की चौरस मीटरला तीन-चार किलो मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत वरच्या थरात मिसळ आणि मग ऑक्टोबरात तांबडी भाजी, मुळा, नवलकोल आणि वांगी लाव. शेण ताजे नको; त्यातून हुमणी ही मुळे खाणारी अळी येते.

शेजारच्या कुळागरातला (नारळ-सुपारीच्या बागेतला) पातेरा आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला थराथराने रचून एक ढीग आत्ताच लाव. सुक्यात कार्बन, हिरव्यात नत्र; दोन्ही असले की ढीग चार-पाच महिन्यांत काळा होतो. त्यात पोतेभर रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) मिसळू नकोस, दोन-तीन मुठी पुरे. आम्ल मातीत तो हळूहळू विरघळतो. नारळाच्या सोडणांचा भुसा मात्र न कुजवता वाफ्यात घालू नकोस, कारण तो कुजताना झाडाच्या वाट्याचा नत्र ओढून घेतो. चुलीची राख थोडी चालेल, पण भिंतीकडे नको. मासळीची आतडी पुरण्याची सूचना तुझ्या आईंनी केली आहे. खत म्हणून ती उत्तमच, पण हातभर खोल पुरली नाहीत तर पर्वरीतली सगळी मांजरे तुझ्या परसात भरतील.

चतुर्थीला गणपतीवर फळाभाज्या टांगून बांधतात त्या माटोळीला घरची काकडी हवी हा वहिनींचा हट्ट त्यांनी सोडण्याची गरज नाही. भिंतीपासून दूर हातभर रुंद आणि तेवढेच खोल असे दोन खळगे खण, त्यात मुरलेले शेणखत आणि तीच माती निम्मी-निम्मी भर, आणि वर वीतभर उंच ढिगारा ठेव म्हणजे पाणी साचणार नाही. पाऊस लागण्यापूर्वी मी काकडीचे आणि सात शिरांच्या भेंडीचे घरचे बी घेऊन येतो. तोवर ते दोन खळगे तेवढे तयार ठेव.

आईंना व वहिनींना नमस्कार.

तुझा बालमित्र